पुठ्ठ्याचं स्टूल एका बाजूला का कललं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात फ्रिजची आणि कपाटाची मोठी खोकी पडून आहेत, त्यांतून बसायला स्टूल आणि पुस्तकांसाठी छोटी मांडणी करायची आहे. मागे एकदा स्टूल केलं होतं, म्हणजे चार भिंतींचा डबा आणि वर बैठक. पुठ्ठा चांगला जाड होता, गोंद लावताना हात आखडला नव्हता, तरी तीन आठवड्यांत ते एका बाजूला कललं. पुठ्ठा वाया जाऊ नये म्हणून दोन भिंती उभ्या आणि दोन आडव्या कापल्या होत्या, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. आता चूक कुठे झाली, आणि ओल, किडे, रंग यांचं काय करायचं, हे तुम्हाला हवंय.

चूक त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यातच आहे. स्टूल कललं ते आडव्या कापलेल्या भिंतीकडे कललं असणार. जुनं स्टूल अजून टाकलं नसेल तर बघून खात्री करा.

पुठ्ठ्याचा कापलेला काठ डोळ्यांजवळ धरा. वर एक सपाट कागद, खाली एक सपाट कागद आणि मध्ये लाटेसारखा वळवलेला तिसरा. या लाटेला मी पन्हळ म्हणतो. प्रत्यक्षात ती शेजारी शेजारी चिकटलेल्या बारीक नळ्यांची रांगच आहे. नळ्या उभ्या ठेवल्या की वरचा भार त्यांच्या भिंतींवरून सरळ जमिनीत उतरतो. त्याच नळ्या आडव्या केल्या की एकावर एक रचलेल्या पोकळ नळ्यांवर तुम्ही बसता, आणि त्या एकेक करून चपट्या होत जातात. मोडल्याचा आवाजही येत नाही. एक दिवस स्टूल डुगडुगायला लागतं आणि आपण फरशीच्या उंचसखलपणाला दोष देत बसतो.

विश्वास बसत नसेल तर एकाच खोक्यातून दोन तुकडे कापा, दहा सेंटिमीटर लांब आणि पाच उंच. एकात पन्हळ उभी ठेवा, दुसऱ्यात आडवी. दोन्ही टेबलावर धारेवर उभे करून तळहाताने दाबा. उभी पन्हळ हाताला टोचेल आणि मग एकदम मोडेल. आडवी मात्र सुरुवातीपासूनच हाताखाली नरम पडत जाईल. दोन मिनिटांचा हा प्रयोग मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी करायला लावतो, कारण हाताला एकदा फरक कळला की मग चूक होत नाही. माझं स्वतःचं पहिलं स्टूल आडव्या पन्हळीचंच होतं. पाहुण्यांसमोर बसलो आणि सावकाश, अगदी सन्मानाने खाली गेलो.

म्हणजे जाडी बघण्याआधी दिशा बघायची. भार घेणाऱ्या प्रत्येक तुकड्यात पन्हळ उभी हवी. त्यासाठी पुठ्ठा वाया गेला तर जाऊ द्या. मी तर कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने वर जाणारा बाण काढतो. तुकडे सुटे झाले की दिशा ओळखता येत नाही असं नाही, पण गोंद हाताला लागलेला असताना कोण काठ निरखत बसतो?

आता खोकी निवडण्याबद्दल. फ्रिज, वॉशिंग मशीन अशा जड वस्तूंची खोकी बहुतेकदा पाच प्लायची असतात, म्हणजे तीन सपाट कागद आणि मध्ये दोन पन्हळी. जाडी साधारण साडेसहा-सात मिलिमीटर. नेहमीची खोकी तीन प्लायची, तीन ते चार मिलिमीटरची. स्टूलच्या सांगाड्याला पाच प्लाय वापरा आणि तीन प्लाय वरच्या आवरणाला ठेवा. काठ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून बघा. टणक लागला पाहिजे. दबून तसाच राहिला तर तो पुठ्ठा एकदा भिजून वाळलेला आहे, तो दिसायला कितीही कोरा असो. तेलाचे डाग असलेला आणि मेणाचा हात दिलेला पुठ्ठा गोंद धरत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोक्याची मूळ घडी. ती रेघ कारखान्यात पन्हळ चेपूनच पाडलेली असते. भार घेणाऱ्या तुकड्याच्या मधून अशी घडी आडवी गेली, तर त्या तुकड्याची कंबर आधीच मोडलेली आहे असं समजा. तुमची खोकी मोठी आहेत, त्यामुळे घड्या टाळून तुकडे काढता येतील. खोक्याच्या जोडावर तारेच्या पिना असतात, त्या आधी पक्कडीने उपटा, नाहीतर पात्याचं टोक गेलंच.

डब्याऐवजी आतून जाळी असलेलं स्टूल करा. चार भिंतींच्या डब्यात भार फक्त कडेला जातो, मधली बैठक अधांतरी राहते आणि भिंतींना पोट सुटतं. जाळी म्हणजे एकमेकांत खाचांनी अडकवलेले उभे तुकडे, काचेच्या बाटल्यांच्या खोक्यात आत चौकडी असते तशी. स्टूलसाठी पाच प्लायचे सहा तुकडे कापा, प्रत्येक ३४ सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच, पन्हळ उंचीच्या दिशेने. प्रत्येकात तीन खाचा, डाव्या काठापासून ६, १७ आणि २८ सेंटिमीटरवर. खाचेची खोली उंचीच्या निम्मी, म्हणजे २० सेंटिमीटर आणि वर एखादा मिलिमीटर. तीन तुकड्यांत खाचा वरून, तीनमध्ये खालून.

खाचेच्या रुंदीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक स्टुलं इथे बिघडतात. सात मिलिमीटरच्या पुठ्ठ्याला सात मिलिमीटरची खाच बरोबर वाटते, पण ती सैल होते. तुकडा हलतो आणि खाचेचे काठ रोज थोडे थोडे घासून आणखी रुंद होतात. पाच मिलिमीटरची केली तर तुकडा आत ढकलताना काठाच्या पन्हळी चेपतात, म्हणजे बसायच्या आधीच पुठ्ठा मोडला. मी साडेसहा ठेवतो. पण तुमचा पुठ्ठा माझ्यासारखाच असेल असं नाही. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर एक खाच कापा आणि दुसरा तुकडा त्यात सरकवा. हाताच्या हलक्या जोराने जावा आणि उलटा धरला तर स्वतःहून पडू नये. हे माप जमलं की त्याच तुकड्याचा साचा करून सगळ्या अठरा खाचा आखा. खाचेचं तोंड तीनेक मिलिमीटर तिरपं छाटून थोडं रुंद केलं तर सहा तुकडे एकत्र बसवताना तारांबळ उडत नाही.

कापायला रुंद पात्याचा कटर घ्या, १८ मिलिमीटरचा, ज्याचं टोक मोडून नवी धार काढता येते तो. सोबत स्टीलची पट्टी आणि गुण्या. एका झटक्यात आरपार कापायचा मोह टाळा. पहिल्या हाताला फक्त वरचा कागद कापायचा, अगदी हलका हात. दुसऱ्याला पन्हळी. तिसऱ्याला खालचा कागद. पाच प्लायला चार हात लागतात. पातं काटकोनात उभं ठेवा. ते कललं तर वरचा आणि खालचा काठ वेगळ्या जागी येतो आणि तुकडा उभा केला की एकाच कागदावर टेकतो. पात्याचं टोक मी दर दोन-तीन तुकड्यांनंतर मोडतो. कंजुषी करू नका. बोथट पातं कापत नाही, पन्हळ ओढत आणि चेपत जातं, आणि मग आपण जोर वाढवतो. माझ्या डाव्या अंगठ्यावरचा व्रण असाच जोर वाढवल्याचा आहे. पट्टी धरलेला हात पात्याच्या वाटेत कधीही नको.

कापून झालं की सहाही तुकडे एकत्र ठोकून, पत्त्यांच्या कॅटसारखे, टेबलावर उभे करा. एखादा तुकडा दोन मिलिमीटर जरी उंच असला तरी सगळा भार आधी तोच घेईल आणि तोच आधी मोडेल. उंच तुकडा छाटा. बुटका असेल तर तो आवरणाला वापरा आणि नवा कापा.

जाळी बसली की वर बैठक, खाली तळ. बैठकीला पाच प्लायचे तीन थर, ३५ सेंटिमीटरचे चौकोन, मधल्या थराची पन्हळ बाकीच्या दोघांना काटकोनात. जाळीचे वरचे काठ सुरीसारखे खालून बैठकीत रुततात, म्हणून एका थरात भागत नाही. तळाला एक थर पुरतो. उंची भरते साधारण ४३ सेंटिमीटर, खुर्चीवर बसल्यासारखी.

पण एवढ्यावर ते तिरकं होण्यापासून वाचणार नाही. जाळी वरून येणारा भार उत्तम घेते, पण बाजूने ढकललं की सगळे चौकोन एकदम तिरपे होऊ पाहतात. बसल्यावर माणूस स्थिर कुठे असतो? तो वळतो, खाली पडलेलं पेन उचलतो, स्टूल मागे रेटतो. ही तिरकी ओढ अडवतं ते बाहेरचं आवरण. तीन प्लायचा एक लांब पट्टा घ्या, पन्हळ उभीच, आणि जाळीच्या चारही बाजूंनी गुंडाळून प्रत्येक काठाला चिकटवा. चार बाजूंचं माप १३६ सेंटिमीटर येतं. पट्टा त्याहून दोनेक सेंटिमीटर जास्त कापा, कारण प्रत्येक घडी थोडी लांबी खाते. उरलेलं शेवटी छाटता येतं. पन्हळीला समांतर घडी घालताना एक गंमत होते. रेघ आपण आखली तिथे न पडता शेजारच्या खळग्यात घसरते. म्हणून आधी चमच्याच्या दांड्याने पट्टीच्या आधाराने दोन-तीनदा रेघ दाबून घ्यायची, मग घडी. कागद कापून घडी घालू नका, तो कोपरा पुढे उसवतो.

किती वजन पेलेल याचा हिशेब करून बघू. धारेवर उभा पुठ्ठा किती दाब सोसतो, याची चाचणी खोक्यांच्या कारखान्यात होते, आणि साध्या तीन प्लायच्या खोक्याचं एक प्रचलित मानक आहे दर इंचाला ३२ पौंड. तुमचा पाच प्लाय त्याहून भक्कम असणार, पण आपण हाच आकडा धरू. सहा तुकडे गुणिले ३४ सेंटिमीटर म्हणजे साधारण ८० इंच धार. ८० गुणिले ३२ म्हणजे सुमारे २,५६० पौंड, साडेअकराशे किलोच्या वर. हा आकडा वाचून कोणी हत्ती बसवायला जाऊ नये. चाचणी होते कोऱ्या पुठ्ठ्यावर, ५० टक्के आर्द्रतेत आणि काही सेकंदांच्या दाबावर. हवा दमट होऊन आर्द्रता नव्वदीला गेली की ताकद जवळपास निम्मी उतरते. शिवाय पुठ्ठा भाराखाली सावकाश दमतो. सहा महिने सतत भार राहणार असेल तर वेष्टनाच्या धंद्यात खोक्याची ताकद निम्मीच धरतात. निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव. त्यात खोकं आधी वापरलेलं, माणूस धपकन बसणार, तेही एका कडेवर. म्हणून मी कागदावरच्या आकड्याचा दशांशच खरा मानतो. तरी शंभर किलोच्या वर उरतात. तुमच्या कललेल्या स्टुलात एवढा जाड पुठ्ठा असून नुसत्या दिशेपायी सगळं गेलं.

लोकांना पुठ्ठ्यावर बसायची भीती वाटते ती मला नवी नाही. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी, २०२१ मध्ये, खेळाडूंच्या खोल्यांत पुठ्ठ्याच्या सांगाड्याचे पलंग होते. ते टिकणार नाहीत अशी आवई उठली, तेव्हा आयर्लंडच्या एका जिम्नॅस्टने त्यावर उड्या मारतानाचा व्हिडिओच टाकला. बनवणाऱ्यांनी २०० किलोची हमी दिली होती. त्याच्याही कितीतरी आधी, १९७२ मध्ये, वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी पुठ्ठ्याचे थर चिकटवून नागमोडी खुर्ची केली. तिचे थर बाजूने बघा, धारेकडून. आपण जो खडबडीत काठ लपवायला बघतो, त्याच्यावरच बसायचं आणि तोच दाखवायचा, असा सगळा प्रकार. गंमत म्हणजे हा पन्हळी कागद मुळात फर्निचरसाठीच काय, खोक्यांसाठीही निघाला नव्हता. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी.

आता गोंद. तुम्ही 'भरपूर लावला' असं अभिमानाने लिहिलंय, पण तुमच्या दुखण्यातला दुसरा वाटा त्याचाच असावा. सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात कालवलेला असतो. जाड थर दिला की ते पाणी आधी कागद पितो, नरम पडतो, फुगतो आणि बाक धरतो. दोन मोठ्या पानांच्या मध्ये अडकलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट फक्त काठांची. बाहेरून खडखडीत वाळलेलं दिसतं आणि मधोमध दोन दिवसांनीही गारवा लागतो. अशा ओल्या बैठकीवर कोणी बसलं की पन्हळी चेपून जातात आणि तशाच वाळतात. त्या पुन्हा वर येत नाहीत. जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने गोंद ओढून इतका पातळ पसरा की खालच्या कागदाचा रंग दिसत राहील. तुकडा ठेवला की लगेच वर सपाट फळी आणि तिच्यावर वजन, एक रात्र. मोठ्या थरांना पूर्ण २४ तास. वजन वेडंवाकडं असलं तर बैठकही तशीच वाळेल. माझी एक बैठक अजून बादलीच्या बुडाचा गोल मिरवते आहे.

ग्लू गनचा गरम गोंद तुकडा जागेवर धरून ठेवायला छान, भार घ्यायला नाही. तो पुठ्ठ्यात मुरत नाही, वरच्या वर गोठतो, आणि उष्णतेने नरमही पडतो. मी कोपऱ्यांना त्याचे चार ठिपके देतो आणि बाकी पांढऱ्या गोंदावर सोडतो. पारदर्शक चिकटपट्टी मात्र कायमच्या कामाला वापरू नका. तिचा गोंद वर्षभरात पिवळा पडून सुटतो, आणि जिथे ती असते तिथे रंग बसत नाही.

उघडे काठ कागदाने झाका. तपकिरी वेष्टनाचा कागद चार-पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यांत हाताने फाडा. कात्रीने नको. फाटलेली कड तंतूतंतू होऊन सपाट बसते, कापलेली कड कायम हाताला लागते. पट्टी गोंदपाण्याने ओली करून काठावरून दोन्हीकडे दुमडा, असे दोन थर, दुसरा पहिला वाळल्यावरच. हे शोभेसाठी केल्यासारखं दिसतं, पण तसं नाही. पुठ्ठ्याची झीज, ओल आणि कीड तिन्ही आधी उघड्या काठातूनच आत जातात.

ओलीचं कारण पुठ्ठ्याच्या जन्मातच आहे. पन्हळ आणि सपाट कागद यांना जोडणारा कारखान्यातला गोंद बहुधा स्टार्चचा असतो, म्हणजे आपली खळच. पाणी लागलं की कागद तर नरमतोच, पण थरही सुटतात. रंगाने किंवा वॉर्निशने पुठ्ठा जलरोधक होतो असं समजू नका. सांडलेला चहा पुसायला वेळ मिळतो, एवढंच. पाण्यात मिसळलेलं वॉर्निश चालतं, पहिला हात अगदी कोरडा-कोरडा, आणि तो वाळेपर्यंत दुसरा नाही. सुट्या फळीला वॉर्निश द्यायचं तर दोन्ही बाजूंना सारखंच द्या. एकीकडेच दिलं की ती बाजू आधी ओढली जाते आणि फळी होडीसारखी होते. तळाला रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या लावून स्टूल फरशीपासून पाच मिलिमीटर तरी वर घ्या. फरशी पुसणाऱ्या ओल्या फडक्याइतका पुठ्ठ्याच्या फर्निचरचा मोठा शत्रू मी पाहिला नाही.

किड्यांचं कारण तीच खळ. कसर आणि झुरळं स्टार्चवर जगतात, आणि वाळवीला तर कागद म्हणजे मऊ केलेलं लाकूडच. काठ नीट बंद असतील, वस्तू भिंतीपासून बोटभर लांब आणि कोरड्या जागी असेल, तर सहसा त्रास होत नाही. खोकी वापरण्याआधी दोन दिवस उन्हात ठेवा आणि आतल्या कोपऱ्यांत झुरळांची अंडी दिसतात का तेही बघा. वाळवी असलेल्या घरात मात्र पुठ्ठ्याचं काही करूच नका. आग हा वेगळा विषय नाही, हा कागद आहे हे लक्षात ठेवलं की झालं. तापणाऱ्या दिव्याजवळ, शेगडीजवळ किंवा हीटरशेजारी ठेवू नये.

मांडणीची गोष्ट स्टुलापेक्षा अवघड आहे, जरी दिसायला सोपी वाटली तरी. स्टुलावर माणूस बसतो आणि उठतो, पुठ्ठ्याला विसावा मिळतो. पुस्तकं उठत नाहीत. एक मीटर ओळीत पुस्तकं साधारण २५-३० किलोंची भरतात आणि ती रात्रंदिवस तिथेच. म्हणून फळीला झोळ येतो. इथे उपयोगाची एक गोष्ट सांगतो. सारख्या पसरलेल्या भाराखाली फळीचा झोळ लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं की झोळ निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. ८० सेंटिमीटरची भक्कम फळी करायची धडपड सोडा आणि मध्ये एक उभा आधार घाला. मी ४० सेंटिमीटरच्या वर मोकळी फळी ठेवत नाही, पुस्तकांसाठी तर ३५ च.

फळी एकावर एक थर चिकटवून भरीव करायची गरज नाही. दोन पानं घ्या, मध्ये चार सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या धारेवर उभ्या चिकटवा, तीन-तीन बोटांच्या अंतरावर, फळीच्या लांबीला समांतर. कडा बंद करा. झाली पोकळ फळी. भरीव फळीपेक्षा पुठ्ठा कमी, वजन कमी आणि ताठपणा कितीतरी जास्त, कारण ताठपणा दोन पानांमधल्या अंतरातून येतो, आतल्या भरावातून नाही. इथे पानांची पन्हळ लांबीच्या दिशेने, आधाराकडून आधाराकडे जाणारी हवी. मधल्या पट्ट्यांची मात्र उभी, स्टुलासारखी. इथे लोक हमखास गोंधळतात, म्हणून पेन्सिलीचे बाण.

आणि मांडणीला पाठ हवीच. पाठ नसलेली माझी एक मांडणी चार दिवस सरळ उभी होती, पाचव्या दिवशी सकाळी सगळी पुस्तकं एका कुशीवर झोपलेली. एकही फळी मोडली नव्हती, सगळे खण नुसते तिरपे झाले होते. तीन प्लायचं एक सलग पान मागून प्रत्येक फळीला आणि प्रत्येक उभ्या बाजूला चिकटवलं की हा प्रश्न संपतो. जागा वाचवण्यासाठी पाठ कापून अर्धी करू नका. जाड पुस्तकं सगळ्यात खाली. कमरेच्या वर जाणारी मांडणी असेल तर ती भिंतीला बांधा, कारण पुठ्ठा स्वतः हलका असल्याने रिकामी किंवा वरून भरलेली मांडणी धक्क्याने सहज पुढे येते.

मुलांसाठी पुठ्ठ्याचं फर्निचर फार छान, हलकं आणि बोथट कोपऱ्यांचं, पडलं तरी लागत नाही. फक्त सगळं तोंडात घालायच्या वयाचं मूल असेल तर थांबा. आणि काही गोष्टी मी कोणी कितीही आग्रह केला तरी करत नाही. बल्ब बदलायला वर चढायचं स्टूल, शिडी, तान्ह्या बाळाचा पाळणा, दुमजली पलंगाचा वरचा मजला. बसलेल्या माणसाचं वजन पसरतं, उभ्या माणसाचं एका टाचेखाली गोळा होतं. बैठकीच्या दोन उभ्या धारांच्या मधोमध ती टाच पडली की सगळे हिशेब तिथेच संपतात.

किती टिकेल, याचं उत्तर घराच्या कोरडेपणावर आहे. माझ्या खोलीतलं एक स्टूल सहा वर्षं रोज वापरात आहे. स्वयंपाकघरात ठेवलेलं त्याचं जुळं भावंड दोन वर्षांत गेलं. दोघांचाही आधी खराब झाला तो तळच. तेव्हापासून तळ मी गोंदाने पक्का करत नाही, ओल्या कागदाच्या पट्ट्यांनी काठावरून जोडतो. खराब झाला की पट्ट्या कापायच्या, जाळीचे खालचे काठ बघायचे, आणि ते टणक असतील तर नवा चौकोन लावायचा. तुमचं जुनं स्टूल उघडून बघा. उभ्या कापलेल्या दोन भिंती अजून शाबूत असतील तर त्यांच्यातून नव्या जाळीचे दोन तुकडे तरी निघतील.